बडोद्यात बालरोगात एमडीला येताय? कागदपत्रांपासून पहिल्या डिस्चार्जपर्यंत

यादीत तुमचं नाव लागलंय. शाखा बालरोग, शहर बडोदा. घरी पेढे आले असतील आणि तुमच्या पोटात गोळा आला असेल. मीही अशीच धुळ्याहून दोन बॅगा घेऊन बडोदा स्टेशनावर उतरले होते. तिथून पुढच्या तीन वर्षांत जे वेळेवर कुणी सांगितलं नाही, ते इथे लिहिते. पहिले तीन महिने डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय, कारण घोळ सगळे तेव्हाच होतात.

१. आधी जागा नीट समजून घ्या

बडोद्यात शिकवणारी रुग्णालयं एकाहून जास्त आहेत आणि प्रत्येकाची प्रवेशाची वाट वेगळी आहे. बडोदा मेडिकल कॉलेज १९४९ पासूनचं, महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं. त्याचं रुग्णालय म्हणजे सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल, रिक्षावाल्याला नुसतं 'एसएसजी' किंवा 'सयाजी' म्हटलं तरी पुरतं. गोत्रीला जीएमईआरएसचं, म्हणजे गुजरात सरकारच्या वैद्यकीय शिक्षण संस्थेचं, कॉलेज आहे. वाघोडियाच्या बाजूला सुमनदीप हे अभिमत विद्यापीठ आणि पारुल हे खाजगी विद्यापीठ आहे. मी यांतल्याच एका ठिकाणी शिकले. कुठे ते सांगत नाही, कारण पुढे ज्या चुका सांगणार आहे त्या माझ्या स्वतःच्या आहेत.

सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून, दिल्लीच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीमार्फत (एमसीसी) भरतात. अभिमत विद्यापीठाच्या जागाही तिथूनच जातात. राज्याच्या जागा गुजरातची प्रवेश समिती भरते. महाराष्ट्रातून एमबीबीएस झालेल्यांसाठी बहुधा पहिलीच वाट खरी.

पहिल्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तर नुकसान नाही. दुसऱ्या फेरीपासून मात्र अनामत रक्कम जाऊ शकते, आणि तिसऱ्या फेरीत रुजू झालात की राजीनामा देऊन पुन्हा रांगेत उभं राहता येत नाही. पसंतीक्रम भरताना 'बघू पुढे' म्हणून एकही नाव टाकू नका.

पसंतीक्रम भरण्याआधी तिथल्या सध्याच्या आर-वनशी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरशी, एकदा फोनवर बोला. एचओडी (विभागप्रमुख) कसे आहेत हे विचारून फारसं कळत नाही. हे विचारा: रात्री रक्त कोण काढतं, रिपोर्ट आणायला कोण धावतं, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) एका रात्री किती निवासी असतात, आठवड्याची सुट्टी खरोखर मिळते का. शिवाय बाँड (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सेवेचा करार) किती वर्षांचा आणि किती रकमेचा, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचा. सिनिअरचा आकडा त्याच्या वर्षाचा असतो.

२. कागदपत्रं

एका जाड फायलीत मूळ प्रती आणि दुसरीत प्रत्येकी पाच झेरॉक्स:

- नीट-पीजीचं प्रवेशपत्र, गुणपत्रक आणि जागावाटपाचं पत्र
- एमबीबीएसच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, अटेम्प्ट सर्टिफिकेट (किती प्रयत्नांत पास झालात त्याचं)
- इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र
- मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी
- कॉलेज सोडल्याचा दाखला आणि मायग्रेशन
- दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, रद्द केलेला चेक
- जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर, लागू असेल तर
- शारीरिक योग्यतेचं प्रमाणपत्र, रॅगिंगविरोधी शपथपत्र, मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र
- पासपोर्ट फोटो, कमीत कमी वीस

यात चार ठिकाणी लोक अडकतात. पहिलं मायग्रेशन. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून ते यायला वेळ लागतो, म्हणून निकाल लागताच अर्ज करा. दुसरं ओबीसीचा दाखला. अखिल भारतीय कोट्यासाठी तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. महाराष्ट्राच्या नमुन्यातला दाखला दाखवून माझ्या ओळखीची एक मुलगी शेवटच्या दिवशी रडत तहसील कार्यालयात धावली होती. तिसरं स्टॅम्पपेपर. धुळ्याहून किंवा नाशिकहून घेतलेला स्टॅम्पपेपर इथे चालत नाही, आणि गुजरातेत १ ऑक्टोबर २०१९ पासून छापील स्टॅम्पपेपरची विक्रीच बंद आहे. ई-स्टॅम्प काढावा लागतो. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं तर तो केंद्र दाखवतो. सकाळीच जा, प्रवेशाच्या आठवड्यात रांग लागते. चौथं नोंदणी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून ना हरकत घेऊन गुजरात मेडिकल कौन्सिलमध्ये नाव घालावं लागतं. रुजू झाल्यावर लगेच सुरुवात करा. ड्युट्या लागल्यावर अर्ज भरायलाही डोळे उघडे राहत नाहीत.

३. राहायची सोय

हॉस्टेल मिळालं तर ते घ्या, खोली कशीही असो. रात्री तीनला कॉल आला की अंतर हाच एक प्रश्न उरतो. हॉस्टेल मिळेपर्यंत मी दांडिया बाजारात एका मराठी आजींकडे राहिले. रावपुरा, दांडिया बाजार, वाडी या भागांत अजून मराठी घरं आहेत, दारावर मराठी पाट्या आहेत. आजी मराठी बोलता बोलता मधेच गुजरातीत जात आणि त्यांना ते कळतही नसे. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी जी गुजराती शिकले ती पुढे वॉर्डात कामी आली. पावसाळ्यात विश्वामित्रीचं पाणी चढलं की शहराचे दोन तुकडे होतात, ऑगस्ट २०२४ मध्ये झाले तसे. तेव्हा खोली घेताना नदीच्या कोणत्या बाजूला आहे ते विचारून घ्या.

४. भाषा: याला सगळ्यात जास्त वेळ द्या

मराठी माणसाला वाटतं, गुजराती काय, समजते की. मी तर खानदेशातली, घरी अहिराणी ऐकलेली, मला तर भारीच खात्री होती. धोका तिथेच आहे. परकी भाषा असेल तर आपण पुन्हा विचारतो, आणि ओळखीचा शब्द कानावर पडला की विचारत नाही.

रुजू होऊन दुसराच आठवडा होता. रात्री अकराच्या सुमारास छोटा उदेपूरकडची एक आई पाच दिवसांचं बाळ पदरात गुंडाळून आली. म्हणाली, "काल रातथी धावतो नथी." मला वाटलं, नवरा धावपळ करत नाही म्हणून तक्रार करतेय. मी मान डोलावली आणि तापाचं, उलट्यांचं विचारत बसले. शेजारच्या टेबलावर सुया मोजणाऱ्या सिस्टरनी हातातलं काम टाकलं. "डॉक्टर, बाळ काल रात्रीपासून अंगावर पीत नाहीये, ते सांगतेय ती." गुजरातीत धावणं म्हणजे आईचं दूध पिणं, आणि धावण म्हणजे ते दूध. पाच दिवसांच्या बाळानं पिणं सोडणं ही धोक्याची पहिली खूण. पाय हाताला गार लागले. टाचेतून रक्त घेऊन साखर बघितली तर ३२, फारच कमी. दहा टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) किलोला २ मिली देऊन, बाळ वॉर्मरखाली घेऊन, कल्चर काढून अँटिबायोटिक सुरू करेपर्यंत माझी पाठ घामानं भिजली होती. बाळ वाचलं. माझी ती चार-पाच मिनिटं मात्र वाया गेली, ती एका शब्दानं.

तेव्हापासून मी एक वही ठेवली. तिच्यातले काही शब्द:

- झाडा: जुलाब. 'झाडा-उलटी' हे रोज ऐकाल.
- खेंच: फिट, झटका.
- रसी: लस, आणि पूसुद्धा. 'कानमांथी रसी आवे छे' म्हणजे कान वाहतोय. 'रसी मुकावी?' म्हणजे लस टोचून घेतली का.
- कमळो: कावीळ.
- ओरी: गोवर. अछबडा: कांजिण्या. उटांटियुं: डांग्या खोकला.
- गळथूथी: जन्मल्यावर बाळाला चाटवतात ते गुळाचं पाणी वगैरे. दिली का, हे विचारायचंच.
- डाम: डागणं. पोटावर गोल चट्टे दिसले तर ओरडू नका. ओरडलात की आई पुढचं काहीच सांगत नाही.
- ढीलो पडी गयो: अंग टाकलं. हे ऐकलं की पेन ठेवा आणि बाळाला हात लावा.

आयांना 'बेन' म्हणा. आपल्याकडे 'बाई' आदरानं म्हणतात, इथे ते कामवालीला हाक मारल्यासारखं वाटतं. म्हाताऱ्या बाईंना 'बा' किंवा 'मासी'. छोटा उदेपूर, दाहोदकडची बरीच कुटुंबं घरात राठवी किंवा भिली बोलतात. त्यांच्याशी तुमची गुजरातीही अपुरी पडते. अशा वेळी सोबतच्या आत्याला किंवा वॉर्डातल्या जुन्या मावशींना बोलवा, आणि आईनं काय सांगितलं ते तिला परत सांगून 'हो' मिळवा.

५. वजन

बालरोगात प्रत्येक औषध, प्रत्येक मिलीलिटर वजनावर ठरतो. म्हणून केसपेपरवर नावाच्या शेजारी वजन, ठळक, त्या दिवसाचं. मागच्या कागदावरचं उतरवू नका, आईला विचारून लिहू नका. काटा आधी शून्यावर आणा, कपडे काढून वजन घ्या, हाताला स्प्लिंट असेल तर तसं लिहा.

सलाईनचं रोजचं गणित पाठच हवं: पहिल्या दहा किलोला किलोमागे १०० मिली, पुढच्या दहाला ५०, त्यापुढे २०. म्हणजे १२ किलोच्या मुलाला २४ तासांत ११०० मिली, तासाला साधारण ४६. मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिली होतो, म्हणून तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. पंप नसेल त्या रात्री घड्याळ धरून ४६ थेंब मोजा.

जुलाबानं पार सुकलेल्या मुलाला रिंगर लॅक्टेट किलोला १०० मिली. वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातले ३० पहिल्या तासात आणि ७० पुढच्या पाच तासांत. वर्षावरच्याला ३० अर्ध्या तासात आणि ७० अडीच तासांत. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असलेल्या कुपोषित मुलाला मात्र हे गणित लावू नका, त्याचं हृदय एवढं पाणी पेलत नाही. त्याचा तक्ता वेगळा असतो आणि तो भिंतीवरच लावलेला बरा.

आता माझी दुसरी चूक. पाच किलोच्या बाळाला फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) द्यायचं होतं, किलोला १ मिलिग्रॅम. मी लिहिलं ५.०. टिंब कागदाच्या छापील रेघेवर पडलं आणि दिसेनासं झालं. सिस्टर हातात ट्रे घेऊन आल्या: "डॉक्टर, ५० मिलिग्रॅम म्हणजे अडीच अँपूल. एवढ्याशा बाळाला?" त्यांनी विचारलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी पूर्णांकानंतर शून्य लिहिलेलं नाही. ५ म्हणजे ५. आणि टिंबाआधी शून्य सोडलेलं नाही: ०.५, कधीही नुसतं .५ नाही. शिवाय मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहा. बाळासाठी एकाहून जास्त अँपूल फोडायची वेळ आली तर हात थांबवून पुन्हा हिशेब करा. अँपूल मोठ्यांच्या मापानं भरलेली असते. आणि सिस्टरनी शंका काढली तर आधी आभार माना, मग तपासा.

६. खिशात आणि पिशवीत

स्टेथोस्कोप लहान मुलांचा घ्या. टॉर्च, मोजपट्टी, दंडाच्या घेराची पट्टी, छोटा कॅल्क्युलेटर (मोबाइल रात्री दोनला बंद पडतो), सेकंदकाटा असलेलं घड्याळ. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो: दोन महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० आणि त्यावर गेला की वेगवान. पिवळ्या २४ नंबरच्या आणि जांभळ्या २६ नंबरच्या कॅन्युला प्रत्येकी दोन, चिकटपट्टी आधीच कापून. एक खुळखुळा. बाकी स्वेटर, सुका खाऊ, पाण्याची बाटली, जादा मोजे.

७. रात्रपाळी

हँडओव्हर तोंडी घेऊ नका. खाटेसमोर उभं राहून घ्या: नाव, वजन, काय चाललंय, कोणता रिपोर्ट यायचाय, आणि रात्रीत काय बिघडू शकतं. शेवटचा प्रश्न सिनिअर स्वतःहून सांगत नाहीत, तो विचारावा लागतो.

सिनिअरला कधी उठवायचं, याचा संकोच पहिल्याच दिवशी सोडा. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, ऑक्सिजन लावूनही सॅच्युरेशन नव्वदच्या खाली, हातपाय गार आणि नाडी बारीक, शुद्ध कमी होतेय, किंवा आई म्हणते 'आज ए रोज जेवो नथी', म्हणजे आज तो रोजच्यासारखा नाही. या शेवटच्या कारणासाठी मी दोनदा सिनिअरला उठवलं, दोन्ही वेळा आईच बरोबर होती.

ऋतू लक्षात ठेवा. पावसाळ्यात जुलाब, डेंग्यू, आणि संध्याकाळी खेळणारं मूल रात्री ताप-फिट घेऊन येतं तेव्हा चांदीपुरा विषाणू डोक्यात आणा. १९६५ मध्ये तो सापडला तो आपल्या नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात. २००४ मध्ये पूर्व गुजरातेत त्याची साथ आली आणि २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा मुलं गेली. वाळूमाशी चावून होतो, म्हणून घर मातीचं आहे का, भिंतींना भेगा आहेत का हे विचारा. त्यावर नेमकं औषध नाही; फिट थांबवणं, साखर आणि श्वास सांभाळणं, मेंदूची सूज आटोक्यात ठेवणं हेच आपल्या हातात, आणि ते पहिल्या तासात व्हावं लागतं. आदिवासी पट्ट्यातून आलेलं फिकट मूल हातपाय दुखतात म्हणून रडत असेल तर लोहाचं औषध लिहिण्याआधी सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी पाठवा. १४-१५ जानेवारीला, उत्तरायणात, गच्चीवरून पडलेली आणि मांजानं कापलेली मुलं येतात; त्या दिवसांत सुट्टी मागू नका.

मूल गेलं, तर आईबापांना बाजूला घेऊन बसवा, तुम्हीही बसा. मुलाचं नाव घ्या आणि 'गुजरी गयो' असं स्वच्छ सांगा. 'सिरियस छे' म्हणत अर्धा तास ढकलू नका. मी एकदा तसं केलं होतं. त्या अर्ध्या तासात बाप औषध आणायला खाली धावत होता. ते मला अजून आठवतं.

८. थिसिस, लॉगबुक आणि बाकीची लेखी कामं

थोडक्यात सांगते. थिसिसचा विषय पहिल्या सहा महिन्यांत ठरवा आणि ज्या रोगाची मुलं तुमच्या वॉर्डात रोज दिसतात तोच घ्या. अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी थिसिस द्यावा लागतो. संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि जीवरक्षक प्रशिक्षण पहिल्याच वर्षात उरका. लॉगबुक रोज भरा आणि आठवड्याला सही घ्या; वर्षाच्या शेवटी कुणालाच काही आठवत नाही. हजेरी ८० टक्के लागते. तिसऱ्या ते पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावं लागतं. ते शिक्षा समजू नका, हातात कमी साधनं असताना मूल कसं बघायचं ते तिथेच कळतं.

९. तुमची स्वतःची तब्येत

वर्षाला २० नैमित्तिक रजा, ५ शैक्षणिक रजा आणि कामाच्या सोयीनं आठवड्याची एक सुट्टी नियमात आहे. १९९२ च्या निवासी योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास लिहिलेत. प्रत्यक्षात तुम्हाला याहून खूप जास्त काम पडेल, हे मी लपवत नाही. पण नियम माहीत असेल तर रजा मागताना आवाज कापत नाही. छत्तीस तासांच्या ड्युटीनंतर दुचाकी चालवू नका, रिक्षा करा. सिनिअर कामासाठी रागावणं आणि अपमान करणं यातला फरक तुम्हाला कळतो. दुसरं होत असेल तर रॅगिंगविरोधी क्रमांक १८००-१८०-५५२२. मन फार खचलं तर टेली-मानसचा १४४१६ चोवीस तास चालू असतो. घरी रोज फोन करा, दोन मिनिटं का होईना.

१०. पहिला डिस्चार्ज

मूल बरं झालं की आपल्याला घाई होते, नवं मूल खाटेची वाट बघत असतं. तरी दहा मिनिटं द्या. ममता कार्डावर (आई-बाळाच्या तपासण्या आणि लसींच्या सरकारी कार्डावर) आजचं वजन लिहा, पुढची लस आणि तारीख लिहा. ओआरएस तोंडी समजावू नका. घरी ज्या भांड्यात करणार ते भांडं किती मोठं, ते आईला विचारा. एक लिटरची पाण्याची बाटली दाखवा आणि अख्खं पाकीट एका लिटरात तिच्याच हातानं करवून घ्या. बऱ्याच जणी अर्धं पाकीट पेल्यात टाकतात. कोणत्या खुणा दिसल्या तर परत यायचं ते तिच्या तोंडून ऐका: पीत नाही, ढीलो पडला, खेंच आली, श्वास चढला. मग गाडी कितीची आहे ते विचारा. छोटा उदेपूरच्या पुढे पाड्यावर जायचं असेल तर एसटीतून उतरून पुढे चालणं असतं, म्हणून डिस्चार्जचा कागद सकाळच्या राउंडआधीच तयार ठेवा. दुपारची गाडी मिळाली तर ती बाळाला घेऊन उजेडात घरी पोचते.